ज्युजित्सूचा क्लास लावताना एका टिकने केलेला घोळ (माझा अनुभव)

ज्युजित्सूचा, म्हणजे पकडी-झटापटीच्या मूळ जपानी विद्येचा क्लास लावून पाच महिने झाले तरी तो फॉर्म आठवला की अजून डोकं फिरतं. म्हणजे क्लास छान आहे, मॅट छान आहे, सगळं छान, पण काउंटरवरच्या फॉर्ममध्ये 'स्टाइल' म्हणून एक रकाना होता आणि त्यात जॅपनीज, ब्राझिलियन, नो-गी असे तीन चौकोन. मी विचारलं, यात फरक काय? तर समोरचा म्हणाला, "मॅडम, सगळं सेमच असतं, टायमिंग बघून टिक करा." ऑफिस सुटल्यावर परळहून दादरला पोचायला साडेसात होतात, साडेसातला जॅपनीज होतं, केली टिक, भरले तीन महिन्यांचे पैसे.

सेम कुठलं! जॅपनीज बॅचमध्ये पडायचं कसं ते शिकवतात, मग कोणी मनगट धरलं तर सोडवायचं कसं, हात पिरगळायचा कसा, आणि सगळं ठरवून, जोडीदार धरणार मग आपण सोडवणार. वाईट अजिबात नाही, पण मला जमिनीवरची ती खरी झटापट शिकायची होती, जिला रोलिंग म्हणतात. सहा क्लासनंतर काउंटरवर सांगितलं बॅच बदला. तर आधी अर्ज लिहा, मग त्यावर सरांची सही, सर येणार फक्त मंगळवारी आणि शनिवारी, एका मंगळवारी सर आले तर अर्ज फाइलमध्ये सापडेना, मग मेगाब्लॉकच्या रविवारी मला बोलावून सांगतात आज सही होत नाही. वर नवीन मेडिकल सर्टिफिकेट, कारण "ब्राझिलियनला वेगळं लागतं". आमचे डॉक्टर म्हणाले, "अगं, मागच्याच महिन्यात दिलं ना कराटेचं?" त्यांना कराटे नाही हे समजावण्यात अजून दहा मिनिटं. एका टिकसाठी पूर्ण तीन आठवडे!

आणि शेवटी नवीन कोचने पाच मिनिटांत सगळं सांगितलं. मूळ जपानी विद्या सामुराईंच्या काळातली, शस्त्र हातात नसेल किंवा छोटं असेल तर लढायचं कसं त्याची. त्यातून जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युडो काढलं, त्यात उभ्याने फेकणं जास्त. त्यांच्याच शाळेत शिकलेले मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला गेले, तिथे ग्रेसी घराण्याने जमिनीवरचा भाग वाढवला, तेच बीजेजे, म्हणजे ब्राझिलियन ज्युजित्सू. 1993 च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची अमेरिकेतली स्पर्धा) त्याच घराण्यातल्या रॉइस ग्रेसीने आपल्यापेक्षा दणकट माणसांना हरवलं तेव्हा जगाला कळलं. नो-गी म्हणजे तेच, पण गी, म्हणजे तो जाड जॅकेट-पँटचा पोशाख, न घालता, मग कॉलर धरायची सोय नाही, घामाने सगळं निसटतं. पैसे भरायच्या आधी फक्त एवढंच विचारा, पहिल्या महिन्यात रोलिंग होतं का? उत्तरावरून कळतं.

गी लगेच विकत घेऊ नका. मी भाच्याचा ज्युडोचा गी घालून गेले, त्याच्या बाह्या रुंद असतात, मग काय, सगळ्यांना पकडायला आयतंच सापडलं. पण पावसाळ्यात एकाने भागत नाही, दोन दिवस पंख्याखाली ठेवला तरी काखेत ओलाच, त्यामुळे दुसरा घ्यावाच लागला. ओला घालून जाऊ नका, मॅटवर गजकर्ण पसरायला वेळ लागत नाही, अंगावर चट्टा दिसला तर सरळ सुट्टी घ्या.

टॅप करायला, म्हणजे हार मानली म्हणून हाताने थापटायला लाजू नका. मी पहिल्या आठवड्यात मानेवर चोक (गळा आवळायचा डाव) बसला तरी इगोपायी टॅप न करता तशीच राहिले, दोन दिवस मान वळेना. व्हाइट बेल्टनंतर ब्लूला साधारण दोनेक वर्षं लागतात म्हणे, मला काही घाई नाही.

हां, नखं कापून जा आणि कानातले घरी काढून ठेवा. माझी एक रिंग त्या मॅटखाली कुठेतरी गेलीये, काउंटरवर विचारलं तर म्हणाला, लेखी अर्ज द्या.