तुम्ही विचारलंत म्हणून: दहावीनंतर पोराला कुठे घालू?

"सर, पोराला ६८ टक्के पडलेत. अकरावीला घालू, डिप्लोमाला की आयटीआयला?" निकाल लागला की हा प्रश्न मला परळच्या नाक्यावर, लोकलमध्ये, अगदी सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो तरी विचारला जातो. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो आणि मुळात आयटीआयचा फिटर, म्हणून विचारतात. उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी वर्षांचा हिशेब. बारावी करून इंजिनिअरिंग म्हणजे २ आणि ४, एकूण ६ वर्षं. डिप्लोमा ३ वर्षांचा, मग पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, तीही ६च. फिटरचा ट्रेड २ वर्षांचा, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. पदवीपर्यंत सगळं धरून ७. मी ह्याच वाटेने आलो. तेव्हा आयटीआयला घातला की पोराचं शिक्षण संपलं, ही भीती मनातून काढून टाका.

आयटीआयमध्ये पहिले काही आठवडे मी फक्त कानस चालवली. लोखंडाचा चौकोनी तुकडा, त्याच्या कडा काटकोनात आणायच्या. सर तुकड्याला गुण्या लावून खिडकीकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की न बोलता तुकडा परत माझ्या हातात. तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी गुण्याच माझ्या हातात दिला, म्हणाले, "तूच बघ." एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड होता. त्यानंतर स्वतः उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय मी त्यांना एकही जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, दाखवला नाही.

पुढे पदवीच्या कॉलेजात जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरवायची पद्धत होती. एक मशीन अख्खं सेमिस्टर बंद होतं, तरी त्याची रीडिंग्ज सगळ्यांच्या वहीत, आणि खाली सही. त्या पदवीमुळेच मला आजची नोकरी लागली, हे मी नाकारत नाही. पण त्या तीन वर्षांत माझ्या कामाकडे कोणी पाच मिनिटं निरखून पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

"बी.ए. करून काय मिळतं?" हेही विचारतात, तेव्हा मला माझी ताई आठवते. ती फोर्टात नोकरी करायची आणि सकाळी सिद्धार्थ कॉलेजला जायची. डॉ. आंबेडकरांनी ते १९४६ साली काढलं, नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. तिचा विषय इतिहास. एकदा तिचा निबंध परत आला तो समासात जागोजागी लाल शाईने "हे कशावरून?" लिहून. रात्री चाळीच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून तिने तो पहिल्यापासून लिहून काढला. परवा आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा करारनामा आला. अख्खा मजला सही करायला तयार होता. ताईने कागद वाचला आणि बिल्डरच्या माणसाला एवढंच विचारलं, कार्पेट एरियाचा हा आकडा कशावरून? त्याला उत्तर देता आलं नाही, कागद घेऊन परत गेला. आम्ही कोणीच तो आकडा पाहिला नव्हता.

म्हणून मला कोणी शाखा विचारली की मी उलट विचारतो: तिथे पोराच्या कामाकडे बघणारं कोण आहे? चुकलं तर परत करायला लावणारं कोण आहे? फी आणि प्लेसमेंटची चौकशी तुम्ही कराच, घर चालवायचं असतं. पण दोन कॉलेजं सारखी वाटत असतील तर जिथे जर्नल खरोखर तपासतात, तिथे घाला, मग ते नाव थोडं कमी ऐकलेलं असलं तरी चालेल.

आणि प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एखाद्या दुपारी परवानगी घेऊन वर्कशॉपमध्ये जाऊन या. एका व्हाइसभोवती, म्हणजे तुकडा घट्ट पकडणाऱ्या शिकंजाभोवती, किती पोरं उभी आहेत ते मोजा. मुलाला सोबत न्या, सरांना विचारून पाच मिनिटं त्याच्या हातात कानस द्या, आणि शाखेचं मग त्यालाच विचारा.