नर कुठून आणायचे?

आज पहाटे आजीला घेऊन कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर गेलो. नाना फडणवीसांचं गाव, पण आम्ही गेलो कासवांसाठी. घरट्यावरची टोपली उचलली तर वाळूत तळहातापेक्षा लहान पिल्लू, पाय मारत मारत लाटेत गेलंसुद्धा. मी फोटोत गुंग. ७८ वर्षांची आजी मात्र घरटी सांभाळणाऱ्या कासवमित्राला सोडेना. अंडी किती? शंभरेक. फुटतात कधी? ५० दिवसांच्या आसपास. नर की मादी, कसं ठरतं? वाळूच्या उष्णतेवर, गरम वाळूत माद्या जास्त.

आजी थबकली. "मग ऊन असंच वाढत गेलं तर नर कुठून आणायचे रे?"

तो बिचारा नुसता हसला. (माझे फोटो सगळे हललेत.) घरी आल्यापासून आजी माठाखालच्या वाळूत बोट खुपसून बघतेय.