नोंदवहीत न आलेली मागणी

ग्रंथालयाच्या बाल विभागात येणारा प्रश्न क्वचितच सरळ वाटेने येतो. मोठा वाचक काउंटरवर लेखकाचे नाव सांगतो, पुस्तक बाहेर गेलेले असेल तर कुरकुरतो आणि दुसरे काही घेऊन जातो. मूल मात्र "प्रकल्पासाठी हवंय" असे म्हणते. शाळांनी हा शब्द मुलांच्या इतका अंगवळणी पाडला आहे की कोणत्याही कुतूहलावर त्याचे पांघरूण घालता येते. त्यामुळे नेमके काय हवे आहे हे कळेपर्यंत मी कपाटाकडे वळत नाही. "कशाला हवंय?" असे तर मी कधीच विचारत नाही, कारण मुलाला त्यात उलटतपासणी ऐकू येते. "पुस्तकात काय सापडलं तर तुझं काम होईल?" असे विचारले की उत्तर देताना मूल स्वतःच पुढचे पाऊल टाकते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात संदर्भसेवेवर एक प्रकरण असते. त्यातला वाचक मात्र नेहमी संशोधक असतो, सहावीतली मुलगी कधीच नसते.

पुढे लिहिताना ती मुलगी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी, विभाग बंद व्हायला तासभर असताना, ती आली. पेठेतल्या आमच्या ग्रंथालयाची ती नियमित वाचक. एका वेळी दोन साहसकथा नेणारी आणि मुदतीच्या आत परत आणणारी. तिने विचारले, "ताई, कोर्टावरचं पुस्तक आहे का? प्रकल्प आहे."

मी तिला 340 क्रमांकाच्या, म्हणजे कायद्याच्या फळीपाशी नेले. आमच्याकडे प्रत्येक विषयाला क्रमांक देणारी ड्यूईची दशांश वर्गीकरण पद्धत आहे. त्या पद्धतीत 398 म्हणजे लोककथा, आणि बाल विभागात त्यांची कपाटे ओसंडून वाहतात; राजा, राक्षस, चतुर प्रधान आणि बोलणारे पोपट यांना मराठीत कधीच तोटा पडलेला नाही. थोरांची चरित्रे त्याखालोखाल. कायद्याच्या फळीवर मात्र संविधानाची ओळख करून देणारी दोन-तीन पातळ पुस्तके आणि नागरिकांची कर्तव्ये सांगणारे एक, एवढाच संसार आहे. आईवडील वेगळे होणे या विषयाला ड्यूईने 306.89 हा क्रमांक दिला आहे. आमच्या बाल विभागाच्या दाखल नोंदवहीत त्या क्रमांकाचे एकही पुस्तक नाही. मराठी बालसाहित्यातल्या आया आणि बाबा बहुधा भांडत नाहीत. भांडलेच तर गोष्ट संपेपर्यंत त्यांचा समेट होतो.

तिने ती पुस्तके चाळली आणि शहाण्यासारखी जागेवर ठेवली. पलीकडच्या टेबलावर दोन मुलगे बुद्धिबळाचा डाव मांडून बसले होते, म्हणून मी तिला दुरुस्तीच्या टेबलाशी बोलावले. तिथे उसवलेली पुस्तके, पातळ कागदाच्या पट्ट्या आणि खळीची वाटी कायम मांडलेली असते. मुलाच्या हाताला काम दिले आणि आपणही समोर न बघता शेजारी बसलो की बोलणे सोपे जाते, हे मला कोणत्याही शिबिरात कोणी सांगितले नव्हते. दोन पाने चिकटवून झाल्यावर ती म्हणाली, "न्यायाधीश मुलांना विचारतात का, असं त्यात असेल का?"

"काय विचारतात?"

"कुणाकडे राहायचं ते. सोमवारी आम्हाला शिवाजीनगरला जायचंय."

शिवाजीनगरला म्हणजे कौटुंबिक न्यायालयात.

आता पुस्तक मोठ्यांच्या विभागातून काढावे लागणार होते. तिथली कायद्याची पुस्तके बंद कपाटात असतात आणि बाल सभासदाच्या तिकिटावर ती मिळत नाहीत, म्हणून मी माझ्या नावाने मागणी चिठ्ठी भरली. देव-घेव विभागातले आमचे ज्येष्ठ लिपिक ती वाचून म्हणाले, "बाल विभागाला कायदा कशाला?" हे गृहस्थ डोळे मिटून कोणतेही पुस्तक काढून देतात आणि त्यांच्या हातून एकही पुस्तक गहाळ झालेले नाही, फक्त पुस्तकाची खरी जागा कपाटातच आहे असा त्यांचा मनापासून समज आहे. मी उत्तर दिले नाही आणि त्यांनीही ते मागितले नाही.

आमच्या कायद्याच्या कपाटात गृहनिर्माण संस्था, भाडेकरू, वारसाहक्क आणि सात-बारा यांची गर्दी असते. कायद्याचे पुस्तक उघडताना आधी आवृत्तीचे साल पाहावे, हा माझा नेम आहे. कादंबरी जुनी झाली तर तिचे फारसे बिघडत नाही, कायद्याचे जुने पुस्तक मात्र वाचकाला खड्ड्यात घालू शकते. कौटुंबिक कायद्यावरची दोन पुस्तके निघाली, त्यातले एक फारच जुने होते म्हणून परत केले. दुसऱ्यातली कलमे कार्यालयातल्या संगणकावर, केंद्र सरकारच्या अधिनियमांच्या संकेतस्थळावरील मजकुराशी ताडून पाहिली आणि मगच ते तिच्यापुढे ठेवले.

पालक व पाल्य अधिनियम 1890 सालचा आहे. त्याच्या 17व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात अशी तरतूद आहे की, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय त्या पसंतीचा विचार करू शकते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या 13व्या कलमात मुलाचे हित सर्वांत महत्त्वाचे मानले आहे. दोन्ही कलमे आम्ही एकत्र वाचली. मी शक्यतो पुस्तकातलेच शब्द ठेवले आणि अडेल तिथे सोपे करून सांगितले.

"म्हणजे मी सांगेन तसंच होईल?"

"नाही. ते तुझं ऐकू शकतात, पण ठरवायचं त्यांनीच."

ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होती. मग तिने विचारले, "आणि मी काहीच सांगितलं नाही तर चालेल?"

आपल्याला विचारतील की नाही, ही तिची चिंता आहे असे मी इतका वेळ धरून चालले होते. तिला खरे तर दोघांपैकी एकाचे नाव तोंडाने घ्यायचे नव्हते, आणि तसे न करण्याची परवानगी कुठेतरी छापलेली आहे का, हे ती शोधत होती. समोरच्या पुस्तकात ती नव्हती. मी तिला तसेच सांगितले. शिवाय हा प्रश्न त्या न्यायाधीशांनाच विचारता येईल, "मला निवडायचं नाही" हेसुद्धा त्यांना सांगता येईल, आणि तिथे समुपदेशक असतात, त्यांच्याशी आधी बोलता येईल, हेही सांगितले. कौटुंबिक न्यायालयांच्या 1984 च्या अधिनियमातच समुपदेशकांची तरतूद आहे. दारावरच्या भित्तिपत्रकावरचा 1098 हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मी बोटाने दाखवला. ग्रंथपालाने वकील होऊ नये ही मर्यादा मला मान्य आहे. पुस्तक दाखवणे, ते वाचायला मदत करणे आणि पुढे कुठे विचारायचे ते सांगणे, इथवर माझे काम येते.

तिने ते पोटकलम क्रमांकासह स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. जाताना एक साहसकथा नेली. त्या दिवशीच्या देव-घेव नोंदीत तिच्या नावापुढे तेवढीच आहे.

पुढच्या आठवड्यात तिचे आजोबा आले. ते आमचे आजीव सभासद आहेत. आवाज न चढवता, टेबलावर वही ठेवून त्यांनी विचारले, "मॅडम, हे तुम्ही लिहून दिलंत?" मी म्हणाले, तिने स्वतः उतरवून घेतले आहे, आणि ते पुस्तक मागवून त्यांच्यापुढे ठेवले, कारण ते ग्रंथालयाचे आहे आणि कोणीही पाहावे. तिने काय काय विचारले, हे मात्र मी सांगितले नाही.

"अकरा वर्षांची आहे ती. माझ्यापासून लपवण्यासारखं तिचं काय असणार?"

"लपवत नाही, काका. तिनं मला विचारलं, ते तिनंच तुम्हाला सांगावं."

"पलीकडचा वकील ही वही दाखवून म्हणेल, पोरीला पढवून आणलंय. मग काय करायचं आम्ही?"

या प्रश्नावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. ताब्याच्या दाव्यांत मूल पढवलेले असल्याचा आरोप नेहमी होतो, हे मला ऐकून माहीत आहे. आजोबांची भीती खोटी नव्हती. पण मुलीला स्वतःसंबंधीचा कायदा वाचता येऊ नये, एवढ्यासाठी ती भीती पुरेशी आहे का, यावर माझे मन एका जागी ठरत नाही. काही दिवस वाटते की ती वही तिच्या दप्तरात असणेच योग्य होते. काही दिवस मला त्या वकिलाचा आवाजच ऐकू येतो.

कार्यवाहांनी लेखी खुलासा मागितला. कोणते पुस्तक दाखवले, कोणत्या पृष्ठावरचे कलम वाचले, हे मी लिहिले; बाकीचे लिहिले नाही. त्यावर कार्यकारी मंडळाने ठराव केला की, पालकांच्या लेखी संमतीशिवाय मोठ्यांच्या विभागातले पुस्तक बाल सभासदाला दाखवू नये. दरवर्षी 12 ऑगस्टला आम्ही भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घालतो आणि कोणीतरी त्यांची 1931 सालची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे वाचून दाखवतो. 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' हे त्यातलेच दुसरे. ज्या पालकांबद्दलच मुलाला विचारायचे आहे, त्यांच्याच सहीची अट घालणाऱ्या मंडळींनी निदान ते वाचन तरी थांबवावे, असे मी सभेत म्हणाले नाही. खाली उतरल्यावर लिपिकांना म्हणाले. ते हसले. माझी जुनी मागणी चिठ्ठी त्यांनी फायलीला न लावता फाडून टाकली होती, हे मला त्या वेळी कळले. शिस्तीच्या माणसाने ते का केले, हे मी विचारले नाही.

मुलगी अजूनही येते. सोमवारी काय झाले, हेही मी तिला विचारलेले नाही.

मला पडलेला पेच मात्र खरेदीचा आहे. 306.89 साठी मुलांना वाचता येतील अशी थोडी पुस्तके घ्यावीत, मराठीत न मिळाल्यास इंग्रजी घ्यावीत, असा प्रस्ताव मी ग्रंथ निवड समितीपुढे ठेवला. समितीचा पहिला प्रश्न रास्त होता: "असली पुस्तकं मुलं मागतात का?" महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 सालचा आहे, आणि त्याखाली मिळणाऱ्या अनुदानावर आमच्यासारखी ग्रंथालये चालतात. तपासणीला येणारे अधिकारी नोंदवह्याच पाहतात, म्हणून समितीही नोंदवहीच पाहते. मागणी नोंदवहीत तारीख, पुस्तकाचे नाव किंवा विषय, वाचकाचे नाव, सभासद क्रमांक आणि सही असे रकाने आहेत. ज्या मुलाला हा विषय हवा असतो, ते तिथे सही करत नाही. त्यामुळे मागणी नाही, म्हणून खरेदी नाही, आणि फळीवर पुस्तक नसल्यामुळे पुढचे मूल विचारतच नाही. साहसकथांची मागणी मात्र पानेच्या पाने भरलेली असते, आणि दरवर्षी आम्ही त्याच मागवतो.

या वर्षीच्या नोंदवहीत मी त्या विषयाची मागणी लिहिली आहे. वाचकाचे नाव, सभासद क्रमांक आणि सही हे तीन रकाने मोकळे सोडून शेऱ्यात 'बाल विभाग, तोंडी' असे लिहिले आहे. यादी पुढच्या बैठकीत येईल. अपूर्ण नोंद ग्राह्य धरायची की नाही, यावर कार्यवाहांनी आतापासूनच पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.