आमची वाटचाल : साडेचार व्होल्ट आणि सोलापूरचा मे

आमचं भांडवल म्हणजे वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं बिस्किटाचं एक डबडं. मोडीत निघालेल्या रेडिओंतून त्यांनी काढून ठेवलेले एसी १२८ ट्रान्झिस्टर त्यात होते, जर्मेनियमचे, पत्र्याच्या टोपीचे. मी गिटार वाजवायचो, चुलतभावाला सोल्डरिंग यायचं. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या फझ फेसमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या पेडलमध्ये, जर्मेनियमचे दोनच ट्रान्झिस्टर असतात, हे कळलं आणि डबडं आम्ही घरी आणलं.

पहिली दहा पेडलं जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत बनवली. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर साडेचार व्होल्ट, म्हणजे नऊच्या बॅटरीचे निम्मे. आवाज झकास. गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की सूर स्वच्छ व्हायचा. एप्रिलात फोन सुरू झाले. नोट तुटक येते, मध्येच विझते. परत आलेलं पेडल उघडलं तर मीटर सातच्या वर!

जर्मेनियम गळकं असतं. बेसला, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू करणाऱ्या पायाला, काहीच दिलं नाही तरी त्यातून थोडा करंट झिरपतो आणि तापमान दहाएक अंशांनी चढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. पहिला ट्रान्झिस्टर जास्त गळू लागला की दुसरा अर्धवट मिटतो. आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडणार, तेव्हा जानेवारीतलं माप मेमध्ये टिकणार कसं? वर ही गळती साध्या मीटरवर गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) म्हणून मिरवते. १२० वाचून आम्ही खूश, त्यातले चाळीस गळतीचे. आता आधी बेस मोकळा सोडून गळती मोजतो, मग गेन, मग वजाबाकी. पहिल्या जागी सत्तर-ऐंशीचा, दुसऱ्या जागी एकशेवीसच्या आसपासचा.

तरी आकडे जुळेनात. वडील मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “आधी हात काढ की त्याच्यावरचा. बोटाची ऊब लागली की पळतंय ते.” तेव्हापासून ट्रान्झिस्टर सॉकेटात बसवून पाच मिनिटं चहा.

डबडं संपत आलं तसा बाहेरून माल मागवला. एका व्यापाऱ्याने नवा छाप मारलेले सिलिकॉनचे दिले. जर्मेनियमला बेस आणि एमिटर या दोन पायांमध्ये ०.२-०.३ व्होल्ट दिसायला हवेत, दिसले ०.६५. पैसे बुडाले ते बुडालेच.

आता ८.२ किलोओहमच्या ठरावीक रेझिस्टरऐवजी प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, घालतो आणि बायसचं, म्हणजे ते साडेचार व्होल्ट जुळवायचं, बटण बाहेर काढतो. आमचं सर्किट पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरचं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक ग्राउंडला, बहुतेक पेडलांच्या उलट. इतर पेडलांसोबत एकाच अडॅप्टरवर जोडू नका, असं झाकणावर ठळक छापलंय, तरी महिन्याला एक जण जोडतोच. प्रत्येक पेडल दुपारभर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून पुन्हा मोजल्याशिवाय पार्सल होत नाही.

डबड्यात आता फार गळणारेच उरलेत. वडील ते टाकू देत नाहीत. म्हणतात, रेडिओत चालतील.