आंबटाची वेळ

मे महिन्यात सोलापुरात दही लावायचं म्हणजे घड्याळाकडे डोळा ठेवायचं काम. पारा ४२ च्या घरात गेला की लिटरभर कोमट दुधाला अर्धा चमचा विरजण पुष्कळ, आणि चार-पाच तासांत दही लागतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), ४.६ ला आला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं. पातेलं फ्रिजमध्ये सरकवायची हीच वेळ. दुपारची झोप लांबली तर जिवाणू काही झोपत नाहीत. लॅक्टिक आम्ल वाढत जातं, वर पाणी सुटतं आणि ते आंबटढाण दही कढीलाच जातं. शेंगाचटणीशेजारी मात्र गोडसर दहीच हवं.

चिंचेचंही तसंच. वाटीभर तुरीच्या डाळीला सुपारीएवढी चिंच, तीही डाळ शिजून घोटल्यावर. आधी घातली तर आम्लामुळे डाळीतलं पेक्टिन, म्हणजे तिच्या पेशी धरून ठेवणारा डिंक, सुटत नाही. मग कितीही शिट्ट्या करा, डाळ तळाशी आणि पाणी वर. त्यावर सोडा टाकून निस्तरणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं. तांब्याचा हंडा चिंचेनं लख्ख होतो, कारण तिच्यातलं टार्टारिक आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात हाच उद्योग आमटीच्या आत चालतो, आणि आमटी कळकते.

पण सगळ्या आंबटांत राजा म्हणजे हरभऱ्याची आंब. जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, काळ्या रानात हरभरा घाट्यावर आलेला असतो. त्याच्या पानाखोडावरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. दव पडलेलं असताना, उजाडायच्या आत, धुतलेल्या धोतराचं फडकं पिकावरून अलगद फिरवायचं, ओलंचिंब झालं की पिळून काचेच्या बाटलीत भरायचं. तांब्यापितळेचं भांडं इथे चालत नाही. ऊन चढलं की दव वाळलं, काम संपलं. अवकाळी सर आली तर सगळी आंब धुऊन जाते. पायाला भेगा असतील तर त्या रानात अनवाणी शिरू नये, असली झोंबते! पोट दुखलं की दोन थेंब पाण्यातून देण्याची रीत आहे, पण ऑक्झॅलिक आम्लामुळे मुतखड्याच्या माणसानं हिच्या नादी लागू नये. चुक्याच्या भाजीच्याही नाही.

१७८५ साली कार्ल शेले या स्वीडिश औषधविक्रेत्यानं सफरचंदाच्या रसातून मॅलिक आम्ल वेगळं काढलं. इकडे आला असता तर धोतरावर भागलं असतं.

राहिलं लिंबू सरबत आणि कोला. एकात सायट्रिक, दुसऱ्यात फॉस्फोरिक, दोघांचा पीएच तिनाच्या खाली. साखरेमुळे जिभेला पत्ता लागत नाही इतकंच. ५.५ च्या खाली दाताचं कवच विरघळू लागतं, म्हणून प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश लावू नये. पण भर दुपारी उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातात पेला देऊन हे ऐकवायचं कुणी?