तूच बघ की

सोमवार, रात्रीचे साडेदहा

आई आज एकदाही "राहू दे" म्हणाली नाही.

दर दिवाळीला एका फुटक्या रोवळीवरून तासभर भांडणारी बाई. आज मधल्या खोलीतून चार पोती बाहेर गेली आणि ती कॉटवर बसून नुसतं "तूच बघ की" म्हणत राहिली.

काम एवढंच: गुरुवारी आईला धरून चालायला वॉकर येतोय, तर कॉटपासून मोरीपर्यंत वाट मोकळी हवी. बाकीचं घर जळो. वॉकर साधारण २४ इंच रुंद असतो, पण माणसाची कोपरं धरून ३६ इंच तरी सोडावे लागतात, वळणाला त्याहून जास्त. हे ठाऊक असूनही मी शनिवारी माळ्यावर चढले. माळ्यावरचं एक डबडं वॉकरला आडवं येणार नव्हतं. उतरवलेलं सगळं मात्र नेमकं वाटेत मांडून बसले.

काल शहाणपण आलं. शहाबादीवर खडूने दोन रेघा मारल्या. रेघेला शिवेल ते हलणार. मग कुठली वस्तू कोणी दिली, हा प्रश्नच येत नाही. शिलाई मशीन भिंतीकडे फिरवलं. पायपुसणी आणि सतरंजी आधी उचलली, कारण वॉकरचा पुढचा पाय त्यांच्या काठात अडकतो. कूलरची वायर भिंतीच्या कडेने खिळ्यांवर घेतली. दार मात्र छळत होतं. चौकट ३० इंच, तरी टेप २७ दाखवायची. दाराआडच्या खुंटीवर आठ-नऊ कपडे लोंबत होते, म्हणून दार पुरतं उघडतच नव्हतं. खुंटी काढली, तीन इंच मिळाले.

कॉट १५ इंचांचा, बसकाच. वर आणखी एक गादी टाकू, असं दादा म्हणाला. गादीने उंची फारशी वाढत नाही, बसलं की कापूस दबतो. पायांखाली खाचेचे लाकडी ठोकळे घातले, चार-चार इंचांचे. तरी पावलं जमिनीला पूर्ण टेकतात आणि आता उठताना गुडघ्यावर जोर कमी येतो.

चादरी अकरा निघाल्या, सहा तर आहेराच्या, प्लॅस्टिकसकट. सोलापुरात चादर विकत कोण घेतं, ती येतच राहते. जुन्या साड्या बोहारणीला द्यायच्या नाहीत, हे मी स्वतःला दोनदा बजावलं. कपडे जातात आणि त्यांच्या जागी पातेली येतात.

मोडीत घालायच्या ढिगात तो डबा होता. झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं आईचं नाव, खाली "सप्रेम भेट", तारीख १२-५-८४. मुद्दाम तिच्यासमोर धरला. तिने अंगठ्याने नावावरून एकदा पुसल्यासारखं केलं आणि परत दिला. "तूच बघ की."

भांडली असती तर मी दहा वस्तू ठेवल्या असत्या. इतकं सहज कसं सोडलं तिने? आणि मला ते सोडवत का नाहीये? ताईला फोन करावा म्हटलं, पण ताई... जाऊ दे.

डबा मी माझ्या कपाटात ठेवलाय. तो रेघेत येत नाही.

सव्वा वाजला, म्हणजे मंगळवारच.

बाराला नळ आला. पाचव्या दिवशी येतो, तोही वेळ न सांगता, हे मी विसरले कशी! मोरीच्या तोंडाशी १०० लिटरची दोन बॅरलं होती, अगदी रेघेवर. दुपारीच भंगारवाल्याला देऊन टाकली होती. घागरी भरल्या, कळशी भरली, कुकरसुद्धा भरला, आणि नळ चालूच.

अंधारातून आवाज आला, "आता कशात भरतीस? माझ्या चपलंत?"

"तूच म्हणालीस ना, तूच बघ!"

"मग बघायचं की नीट. बॅरल टाकतं का कोण सोलापुरात!"

अर्धा तास बोलत होती. रोवळीपर्यंत पोहोचली.

सकाळी भंगारवाल्याकडे जायचं. देईल तेवढ्याला परत घ्यायची, पण ठेवायची बाहेर पायरीपाशी. नळापासून पाइप १५ फूट तरी लागेल.