आमची वाटचाल : ऐकणाऱ्याची दहा मिनिटं

आमच्या वाचनालयात चित्रांचं नवं पुस्तक आलं की आधी त्याच्या पिना काढतो. मधल्या घडीतल्या दोन्ही पिना उचकटायच्या, त्याच भोकांतून जाड दोरा ओवायचा आणि आतून गाठ मारायची. पावसाळ्यात पिना गंजतात, मधलं पान सुटतं, आणि लाडकं पुस्तक तर एकच मूल पंधरा-वीस वेळा नेतं. एवढी ओढाताण दोराच सोसतो.

माझं बालपण तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. वडील एसटीत कंडक्टर होते. महिन्यातून एकदा ते स्टँडवरच्या स्टॉलवरून ‘किशोर’चा अंक आणायचे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेलं हे मासिक आमच्यासारख्या घरालाही परवडायचं. अंक हातात पडला की मी पडवीत आजीजवळ जाऊन बसायचे. आजीला अक्षरओळख नव्हती. श्रावणात पोथी वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच होतं, पण खरी ओढ तिला अंकातल्या गोष्टींची. ती तांदूळ निवडत ऐकायची. गोष्टीतलं पोरगं अडचणीत सापडलं की तिचा हात सुपातच थांबायचा. मी पान उलटायला वेळ लावला तर म्हणायची, “पुढं वाच की गं, थांबलीस का?” तो थांबलेला हात बघायला मिळावा म्हणून मी वाचत सुटले. नवा अंक संपला की जुना काढायचा, तोही संपला की पुढच्या इयत्तेचं भाषेचं पुस्तक. मला वाचनाची गोडी लागली ती अशी, ऐकायला कुणीतरी होतं म्हणून.

२०१२ च्या जूनमध्ये सांगलीत मी घरपोच बालवाचनालय सुरू केलं. एक स्कूटर, पत्र्याच्या दोन पेट्या, तीनशेच्या आसपास पुस्तकं आणि अकरा सभासद, महिना वर्गणी दीडशे रुपये. पहिल्या वर्षी पेट्रोलचाच खर्च जेमतेम निघाला.

पालकांची तक्रार ठरलेली असायची. “ताई, परत तेच पुस्तक घेतलंय त्यानं. दुसरं द्या ना.” आम्ही देत नाही. पेटीतून पुस्तक मूल निवडणार, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. तो मी कधी मोडला नाही, त्याला कारण एक साडेचार वर्षांची मुलगी. मांजराची एक गोष्ट तिनं सलग नऊ आठवडे नेली होती. वाचता येत नव्हतं, पण गोष्ट सगळी पाठ. ओळीखालून बोट फिरवत ती मला म्हणून दाखवायची, पान उलटायची जागाही बरोबर ठाऊक. नवव्या आठवड्यात ती “मांजर” म्हणाली आणि बोट पुढं गेलंच नाही. छापलेलं होतं “मांजरीण”. तिनं त्या शब्दाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, “इथं अजून काहीतरी आहे.” पाठ असलेल्या गोष्टीपेक्षा कागदावरच्या अक्षरावर तिनं विश्वास ठेवला तो पहिला क्षण मी समोर बसून पाहिला. पुस्तक दर आठवड्याला बदललं असतं तर तो आलाच नसता.

तेव्हापासून प्रत्येक घरी दहा मिनिटं बसायचं ठरवलं. मूल वाचून दाखवेल, चित्र बघून सांगेल, नाहीतर नुसतं बोलेल, आपण ऐकायचं. चुका काढायच्या नाहीत. याचा हिशेब सोपा नाही. नुसती पुस्तकं पोचवली तर एका संध्याकाळी पंचवीस घरं होतात, बसलं तर नऊ. अनेकांनी सांगितलं, हे बंद करा, धंदा वाढेल. आम्ही वर्गणी अडीचशे केली. काही सभासद सोडून गेले, त्याचं वाईट वाटलं. पण ती दहा मिनिटं काढून घेतली तर आमच्याकडे विकण्यासारखं काय उरतं?

२०१६ साली सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर गाळा घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर गेली आणि गाळ्यात माळ्यापर्यंत पाणी आलं. शहरातल्या जुन्या नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ त्याच पुरात भिजले. साध्या कागदाची आमची काही पुस्तकं पानांत कोरे कागद घालून, पंख्याखाली धरून वाळवली. चित्रांची मात्र एकही हाती लागली नाही. त्यांचा कागद गुळगुळीत, आर्ट पेपरचा. भिजला की पानाला पान चिकटून वीट होते, सोडवायला गेलं तर चित्रच सोलून निघतं. बावीसशेतली साडेचौदाशे पुस्तकं गेली. पाणी न शिरलेल्या घरांत मुलांकडे होती, ती बचावली. पाणी ओसरल्यावर विश्रामबागेतला सात वर्षांचा एक सभासद वडिलांबरोबर आला आणि त्याच्याकडचं पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाला, “हे तुम्ही ठेवा, आता तुमच्याकडे नाहीये.” त्याचा दोरा मीच ओवलेला होता.

आता आम्ही चौघीजणी आहोत आणि या जूनपासून मिरजेची फेरी सुरू करतोय. त्यासाठी पाचवी हवी आहे. भेटायला आलेल्या बाईंना स्कूटर येते का, हे मी शेवटी विचारते. आधी त्यांना गाळ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या एखाद्या मुलाशेजारी बसवते आणि मी आत पिना काढत राहते.